पाळण्याची दोरी नऊ वर्षांच्या हातात

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी बारसं होतं. एरंडोलपासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव. दोन मुलींच्या पाठीवर मुलगा झालेला, तेव्हा थाट काही विचारू नका. पेढे वाटून झाले होते, गल्लीत घुगऱ्या वाटणं चालू होतं. माहेरचा बाळंतविडा आला होता. बाळाला कुंची, झबली, चांदीचे वाळे. बाळंतिणीला साडी आणि डिंकाचे लाडू. बाया पाळणा म्हणत होत्या आणि पाळण्याची दोरी माझ्या थोरल्या भाचीच्या हातात होती. वय नऊ, इयत्ता चौथी.

शेजारच्या एका म्हातारीने सहज विचारलं, आता कपाशी फुटेल, वेचणी सुरू होईल, मग पोराला कोण बघेल? बहिणीच्या सासूबाईंनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "मोठी पोर शे ना घरमा, मंग कसानी चिंता?"

सगळ्या हसल्या. कोणी भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, कोणी म्हणालं, आता तू ताई झालीस बरं का. भाची लाजली आणि दोरी आणखी जोरात ओढायला लागली. तिला भाऊ झाल्याचा खरोखर आनंद झाला होता, त्यात खोटं काही नव्हतं. मीही हसले. आधीच कबूल करते, कारण मला या लेखात त्या हसण्याबद्दलच बोलायचं आहे.

डिसेंबरात एका कामासाठी त्या गावी गेले. सकाळचे अकरा वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी भाची उभी होती. कडेवर तीन महिन्यांचं बाळ आणि त्याच्या ओझ्याने ती एका बाजूला कललेली. तिच्या वर्गातली मुलं शाळेत होती. माझी बहीण आणि तिची जाऊ सकाळी आठलाच वेचणीला गेल्या होत्या. सासूबाई गुडघ्यांनी हैराण, त्यांना बाळ उचलवत नाही. मेहुणे रिक्षा घेऊन गेलेले. आणि जेठांचा मुलगा, जो भाचीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तो कुठे होता? शाळेत. त्याचं नाव या कामासाठी घरात कोणी घेतलंसुद्धा नव्हतं.

भाचीने बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मावशी, तू मायले सांग ना, मन्ही शाळा बुडी राह्यनी."

संध्याकाळी बहीण आली. मी तावातावाने बोलायला सुरुवात केली. मुलीचं शिक्षण, हक्क, कायदा, जे मी चार गावांत बोलते तेच. तिने खांद्यावरचं कापसाचं फडकं सोडलं, बाळाला पदराखाली घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "ताई, तू शाळामा जाये तवय भाऊले कोन संभाळे?"

माझं तोंड बंद झालं.

मी कशी शिकले

आम्ही तीन बहिणी. मग भाऊ झाला. तेव्हा मी चौथीत होते, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायची होते. आई मजुरीला जायची. पहिले चार महिने बाळ माझ्याकडे होतं. परीक्षा गेली. मग एका बाईंनी, माझ्या वर्गशिक्षिकेने, घरी येऊन वडिलांशी वाद घातला आणि मला परत शाळेत नेलं. ही गोष्ट मी सभांमधून पुष्कळदा सांगितली आहे. एक शिक्षिका मुलीचं आयुष्य कसं बदलू शकते, म्हणून सांगितली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

त्या गोष्टीतलं एक वाक्य मी कधी सांगितलं नाही. मी शाळेत गेले त्या दिवशी बाळ खाली ठेवलं गेलं नाही, ते माझ्या पाठच्या बहिणीच्या कडेवर गेलं. ती सात वर्षांची होती. तिची शाळा आधी तुटक झाली, मग मागे पडली, सातवीत सुटली. अठरा पुरी झाली आणि लग्न झालं. माझ्या नावापुढे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आहे. त्या पदवीची फी कोणी भरली, हे मला तिशी उलटल्यावर, माझ्याच बहिणीच्या अंगणात कळलं. आता तिची थोरली तिच्या जागी उभी आहे.

म्हणून हा लेख कोणा गरीब, अडाणी आईविरुद्ध नाही. तो माझ्याविरुद्ध आहे आणि मैत्रिणींनो, थोडासा तुमच्याहीविरुद्ध आहे.

आपला हिशेब कुठे चुकला

बाईच्या अदृश्य श्रमांबद्दल आपण किती वर्षं बोलतो आहोत. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. ते आकडे आपल्याला पाठ आहेत. विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांचा वेळ १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६. पत्रकांत, पोस्टरवर, पथनाट्यात आपण हे आकडे वापरले. पण त्या पाहणीतली एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. ती सहा वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांची आहे. म्हणजे आपण ‘बाई’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पदर खोचलेली आई येते, पण त्या रांगेच्या शेवटी फ्रॉकमधली मुलगीही उभी आहे. सरकारच्या हिशेबात ती आहे. आपल्या हिशेबात नाही.

आपण आईचं ओझं कमी करा म्हणालो. ते कोणाकडे द्या, हे ठणकावून सांगितलं नाही. नवऱ्याने उचललं नाही, सरकारने उचललं नाही. मग ओझं उतारावरून घरंगळत सर्वात खाली, सर्वात लहान बाईजवळ येऊन थांबलं.

आणखी एक विचारते, रागावू नका. आपल्या महिन्याच्या बैठकीला बाया येतात. बचत गटाला येतात, ग्रामसभेला, तालुक्याच्या मोर्चाला येतात. त्यांची तान्ही मुलं तेव्हा कुठे असतात? माझ्या वहीत दहा वर्षांच्या बैठकांची हजेरी आहे. किती बाया आल्या ते नोंदलेलं आहे. त्या बाया याव्यात म्हणून किती मुली त्या दिवशी शाळेत गेल्या नाहीत, तो रकाना मी कधी आखलाच नाही. बाईच्या मुक्तीची सभा तिच्या मुलीच्या कडेवर उभी राहत असेल तर ती सभा कोणाची?

‘पण भावंडांनी सांभाळलं तर बिघडलं कुठे?’

हा प्रश्न मला गावात विचारतात, तसा शहरातल्या सुशिक्षित मैत्रिणीही विचारतात. मोठ्या भावंडांनी धाकट्याला खेळवलं तर जिव्हाळा वाढतो, जबाबदारी कळते, नवं बाळ आल्यावर मोठ्यांना दुरावल्यासारखं वाटत नाही. बरोबर आहे. मी याच्या विरोधात नाही. नव्या बाळाच्या स्वागतात मोठ्या भावंडांचा हात असावाच. त्यांनी त्याला हसवावं, त्याचा पाळणा हलवावा, त्याचं नाव सुचवावं.

पण मदत आणि बिगारी यांत फरक आहे आणि तो ओळखायला पदवी लागत नाही. तीन प्रश्न विचारा. एक, ती ‘आज मी नाही’ म्हणू शकते का? दोन, घरात तिच्या वयाचा किंवा मोठा मुलगा असेल तर त्याच्याकडेही तेच काम असतं का? तीन, त्यासाठी तिचं जेवण, खेळ, शाळा यांतलं काही जातं का? माझ्या भाचीच्या बाबतीत उत्तरं नाही, नाही आणि हो अशी आहेत. याला जिव्हाळा म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग अकरा वर्षांच्या मुलाला तो जिव्हाळा का नको?

पाळण्याची दोरी जिच्या हातात ती जगाला उद्धरते, असं आपल्याला शिकवलं गेलं. शिकवणाऱ्यांनी त्या हाताचं वय कधी विचारलं नाही.

आणि बाळाचं तरी भलं होतं का? उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. आई सकाळी आठ ते संध्याकाळी पाच शेतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, घरी येऊन दूध पाजायचं तर तेवढे किलो कमी. मग तीन महिन्यांच्या बाळाला नऊ वर्षांची मुलगी बाटलीने पाणी घातलेलं दूध पाजते. बाटली उकळायची असते हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी तिने एकटीने चुलीवर आधण ठेवावं का? बाळाला जुलाब झाले की बोलणी तिलाच. ज्या बाळासाठी पेढे वाटले, त्याच्याही वाट्याला सुरक्षित हात नाहीत. या व्यवस्थेत दोन मुलं पोरकी होतात, एक कडेवरचं आणि एक ते कडेवर घेणारं.

आधी मुली, मग मुलगा

कोणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न आहे. गरिबी आहेच. पण गरिबी मुलगा आणि मुलगी यांत निवड करत नाही, ती निवड माणसं करतात. आमच्या जळगाव जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षं वयोगटात हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८४२ झाल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तरी ही घसरण. २०१५ साली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ज्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झालं त्यांत जळगाव होता, तो याच आकड्यांमुळे.

हा आकडा आपण नेहमी न जन्मलेल्या मुलींसाठी वाचतो. तो जन्मलेल्या मुलींसाठीही वाचून बघा. ज्या घरात मुलगा होईपर्यंत थांबायचं नसतं, तिथे मुली आधी येतात आणि मुलगा शेवटी. म्हणजे धाकटं बाळ बहुधा मुलगा आणि त्याला सांभाळायला वर एक-दोन बहिणी, ही रचना योगायोगाने होत नाही. ज्या विचाराने एकीला जन्म नाकारला, त्याच विचाराने दुसरीचं बालपण घेतलं. बारशात पेढे वाटले गेले तेव्हा माझ्या बहिणीच्या थोरलीला काय मिळालं? एक बिरुद, ताई. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथे त्यापुढे गैरहजर अशी खूण पडत गेली.

आणि त्या खुणेची दखल तरी कोण घेतं? सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण आपल्या राज्यात शाळाबाह्य कोणाला धरतात? जे मूल सतत महिनाभर शाळेत आलेलं नाही त्याला. माझी भाची सोमवारी येते, मंगळवार-बुधवार येत नाही, गुरुवारी अर्ध्या दिवसाने येते. ती शाळाबाह्य नाही. ती शाळेतही नाही. ती दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर बाळ घेऊन उभी आहे आणि उंबऱ्यावरच्या मुलींची मोजदाद होत नाही.

बालकामगार कायद्याचं तसंच. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर ठेवायला बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत घरच्यांना मदत करायला सूट ठेवली. त्या सुटीतून काय काय आत शिरतं ते आपण पाहतो. मूल सांभाळणं तर त्या यादीपर्यंतही पोहोचत नाही. मुळात ते काम आहे असं कोणी मानतच नाही. तेच काम शहरातल्या बंगल्यात पगार देऊन करवून घेतलं तर काम होतं, आणि करणारी मुलगी चौदाच्या आतली असेल तर गुन्हा होतो.

मुलीच्या शाळेच्या दिवसाची किंमतही सरकारने एकदा ठरवली होती. १९९२ साली राज्यात दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. हेतू चांगला होता, हसू नये. पण घरी बाळ असेल आणि आईची दिवसाची मजुरी पणाला लागली असेल, तर तो एक रुपया कोणत्या पारड्यात टाकायचा?

तिसरं बाळ कोणाचा गुन्हा?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलं आहे की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळतील. प्रत्येक, हा शब्द लक्षात ठेवा. २०१७ साली त्यासाठी मातृ वंदना योजना आली तेव्हा ती पहिल्या अपत्यापुरती झाली आणि रक्कम ५,००० वर आली. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर तिच्यासाठी ६,००० रुपये ठरले. माझ्या बहिणीचं हे तिसरं बाळंतपण, तेव्हा तिला काही नाही.

संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, पण दोन मुलं हयात असताना तिसरं झालं तर बाराच आठवडे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हाच हिशेब पुढे ठेवला. जणू तिसऱ्या बाळाला आईची अर्ध्याहून कमी गरज असते! आणि कपाशीच्या वावरात वेचणाऱ्या बाईला तर पहिल्यालाही एक दिवसाची पगारी रजा नाही. पन्नास माणसांच्या कारखान्यात पाळणाघर हवं असा नियम आहे. वावराला दार नाही, फाटक नाही, मालक हंगामापुरता आणि मुकादम आठवड्यापुरता. तिथे कोणाला नियम दाखवायचा?

धोरण आखणाऱ्यांना वाटतं, तिसरं मूल होऊ देणाऱ्या आईला थोडी झळ बसली पाहिजे. तिसरं मूल कोणाला हवं होतं हे त्यांनी बारशाला येऊन पाहावं. आणि ही झळ आईपाशी थांबत नाही. ती पहिल्या मुलीला जाऊन लागते. तिने काय गुन्हा केला? तिने फक्त आधी जन्म घेतला.

उपाय सत्तर वर्षांपूर्वीच सापडला होता

आता मला खरा राग येतो तो इथे. यावर काय करायचं हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच बायांनी ते करून दाखवलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, बालवाडीचं काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. पुढे पन्नाशीच्या दशकात कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः पलीकडच्या वर्गात जाऊन बसावं. इतकं साधं. थोरलीला बाळ घरी टाकून ये असं कोणी म्हटलं नाही आणि बाळासाठी तिने घरी बसावं असंही म्हटलं नाही.

१९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. सरकारने कोसबाडवाल्यांचा अंगणवाडी हा शब्द घेतला, गावोगाव नेला आणि पाळणाघर टेकडीवरच सोडून दिलं. आपली अंगणवाडी तीन वर्षांच्या मुलाला बसवून घेते आणि काही तासांनी घरी सोडते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला शिधा मिळतो, लस मिळते, वजन होतं. दिवसभर कोणी सांभाळायला मिळत नाही. म्हणजे बाळाची पहिली तीन वर्षं, जेव्हा त्याला कोणीतरी धरून बसावं लागतं, ती कोणाच्या खात्यावर? थोरलीच्या.

पाळणाघराच्या योजना झाल्या नाहीत असंही नाही. २००६ साली एक झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, २०२२ मध्ये ती ‘पाळणा’ या नावाने मिशन शक्तीत गेली, त्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं ठरलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही लिहिलेलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर ठेवायचं. कागद भरपूर आहेत. मी ज्या वस्त्यांवर जाते तिथल्या बायांना मी पाळणाघराबद्दल विचारते, तेव्हा त्या विचारतात, ते जळगावला असतं का?

आम्ही काय करून पाहिलं

त्या डिसेंबरात बहिणीच्या गल्लीत तान्ही मुलं असलेल्या आणखी दोघी होत्या. आम्ही बसून ठरवलं की तिघींपैकी एकीने आळीपाळीने घरी राहायचं, तिन्ही बाळं बघायची आणि बाकी दोघींनी तिला आपल्या वेचणीतला वाटा द्यायचा. मेहुण्यांनी दुपारी रिक्षाची एक फेरी सोडून बाळाला वावरात आईकडे पाजायला न्यायचं. जेठांच्या मुलाने शाळा सुटल्यावर तासभर बाळ घ्यायचं. सासूबाई यावर बरंच बोलल्या. पोऱ्याच्या कडेवर पोर शोभतं का, म्हणाल्या. मुलगा मात्र दोन दिवसांत सरावला. आता बाळ त्याच्याकडे पाहून हसतं म्हणून तो फुशारकी मारतो. जिव्हाळा मुलग्यालाही फुटतो, फक्त बाळ त्याच्या हातात द्यावं लागतं.

संक्रांतीपर्यंत हे चाललं. मग एक जण माहेरी गेली, एकीच्या नवऱ्याला पैशाचा वाटा पटेना आणि आमची आळीपाळी मोडली. मेहुण्यांची दुपारची फेरी टिकली. भाची आता आठवड्यातले चार दिवस शाळेत जाते. दोन दिवस अजून बुडतात. मला हे यश म्हणून सांगायचं नाही. तीन गरीब बायांनी आपसात सोय लावली तर ती एका माहेरपणाने मोडते, हे सांगायचं आहे. जे काम अख्ख्या गावाचं आणि राज्याचं आहे ते तीन पदरांत बांधलं जात नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडते. प्रत्येक बाळंतपणाला, मग ते कितवंही असो, मजुरीची भरपाई मिळाली पाहिजे, कायद्यातल्या ‘प्रत्येक’ या शब्दाप्रमाणे. अंगणवाडीबरोबर दिवसभराचं पाळणाघर हवं, शाळेच्या आवारात किंवा शेजारी, आणि वेचणीच्या हंगामात त्याची वेळ वेचणीची वेळ असावी. ते आधीच मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर टाकू नये, त्यासाठी वेगळी पगारी बाई नेमावी. नाहीतर पुन्हा एका बाईचं ओझं दुसरीवर टाकल्यासारखं होईल. शाळेने मुलीच्या गैरहजेरीचं कारण नोंदवावं. ‘घरी बाळ’ असं लिहावं आणि महिन्याच्या शेवटी त्या नोंदी ग्रामसभेत वाचाव्यात.

आणि आपण, संघटनेतल्या बायांनी, स्वतःपासून सुरुवात करावी. पुढच्या बैठकीपासून हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवू या: तुमचं तान्हं आत्ता कोणाजवळ आहे? उत्तर ‘थोरलीजवळ’ असेल आणि दिवस शाळेचा असेल तर बैठक रविवारी घेऊ. बाळांना बैठकीलाच आणू, रडू देत. गावातल्या पुरुष कार्यकर्त्यांना, जे दर आठ मार्चला हारतुरे घेऊन येतात, त्यांना हार ठेवून बाळं घ्यायला सांगू.

बारशाला जाल तेव्हा बाळंतविड्यात थोरलीसाठीही काहीतरी न्या. वही न्या, नाहीतर चेंडू. आणि कोणी म्हणालं, मोठी पोर आहे ना घरात, तर मी हसले तशा हसू नका. तिथेच, पाळण्याजवळ, सगळ्यांसमोर विचारा, घरात आणखी कोण कोण आहे?